पंधरा-लोभ

आमच्या गावात शून्याला लोभ म्हणतात.

नव्याने बदलून आलेल्या माणसाला हे कळायला आठवडा लागतो. तोवर त्याचे हाल असतात. मैदानावर पोरं 'लोभावर आऊट' होतात. म्हैस आटली की दूधवाला 'आज लोभ लिटर' म्हणून पुढे जातो. शाळेतल्या गणिताच्या मास्तरांनी एकदा प्रगतिपुस्तकात एका पोराच्या नावापुढे खरोखरच 'लोभ' लिहिलं, आणि मास्तरांचा आपल्या पोरावर फार जीव आहे असं समजून बापाने त्यांच्या घरी पायलीभर चिन्नोर तांदूळ पोचता केला. ही गोष्ट मी सांगतो तेव्हा लोक हसतात आणि विश्वास ठेवत नाहीत. नका ठेवू. पण शून्याचा लोभ कुणी केला ते मात्र खरं सांगतो. दौलत मार्कर आणि त्याच्या बापाने.

दौलत मेश्राम आमच्या क्लबाचा मार्कर. मार्कर म्हणजे टेनिस क्लबातला असा माणूस, जो पहाटे कोर्ट झाडतो, पाणी शिंपतो, चुन्याच्या पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारतो, नेट बांधतो, आणि ज्या साहेबाला जोडीदार मिळाला नाही त्याच्यासमोर उभा राहून खेळतो. वर खेळता खेळता गुणही मोजतो. दौलतचा आवाज असा, की त्याने 'पंधरा-लोभ' म्हटलं की लाकूड डेपोतले बैल जू झटकून उभे राहत.

आता कुरखेडा तालुक्यातल्या आमच्या गावात टेनिस काय करत होतं, असं तुम्ही विचाराल. भाताच्या बांध्या संपल्या की लगेच जंगल सुरू, असं गाव. पण इंग्रजांच्या काळी एका जंगलसाहेबाला सागाचे ओंडके मोजून मोजून कंटाळा आला आणि त्याने डेपोमागे कोर्ट घालून घेतलं. साहेब गेला. कोर्ट राहिलं, आणि कोर्टासोबत दौलतचा बाप राहिला. तो साहेबाचा मार्कर. साहेब शून्याला 'लव्ह' म्हणायचा. दौलतच्या बापाला लिहिता-वाचता येत नव्हतं. कागदावरचं म्हणून त्याने आयुष्यात जे काही ऐकलं ते गावात कुणी कुणाचं पत्र वाचून दाखवी तेव्हा, आणि प्रत्येक पत्र शेवटी त्याच दोन शब्दांवर येऊन थांबायचं: लोभ असावा. साहेबाच्या तोंडून तोच शब्द ऐकून त्याला मुळीच नवल वाटलं नाही. ज्याच्या हाती काहीच नाही त्याने 'लोभ असू द्या' म्हणावं, यात चुकीचं काय?

चाळीस-चाळीस झाले की इंग्रजीत 'ड्यूस' म्हणतात. बापलेक 'दोस्त' म्हणत.

मी जंगल खात्यातला बाबू. नव्वदनंतर कधीतरी माझी इथे बदली झाली आणि क्लबाच्या चाव्या माझ्या गळ्यात पडल्या. टेनिस मला येत नाही. रॅकेट हातात घेतली की मी डास मारतोय असं लोकांना वाटतं. पण पंचाची उंच लाकडी खुर्ची रिकामी असायची आणि तिथवर मुंग्या पोचत नसत, म्हणून संध्याकाळी मी तिच्यावर बसायचो. पहिल्याच आठवड्यात मी दौलतची चूक सुधारायला गेलो.

"तुमच्या लव्हचा अर्थ का होते जी, बाबूजी?" त्याने विचारलं.

मी सांगितला.

"मंग माह्या लोभाचा का येगळा होते?"

त्यानंतर मी सुधारणेच्या भानगडीत पडलो नाही.

कोर्ट मात्र पाहावं असं. वारुळाची माती, चाळलेली, त्यात शेण आणि भाताचा कोंडा. दौलत ती माती आठ दिवस भिजवायचा, आणि त्याची बायको शेवंताबाई भातमळणीचं खळं सारवावं तसं सगळं कोर्ट हाताने सारवायची. वाळल्यावर तो कमरेइतक्या उंचीवरून चेंडू सोडायचा. गुडघ्यापर्यंत उसळला तर ठीक, नाहीतर पुन्हा सारवण. नागपूर ते हैदराबाद असं कोर्ट नव्हतं. दरवर्षी धान कापणीला आलं की दोन-चार शेतकरी येऊन मळणीसाठी कोर्ट मागायचे, आणि दौलत चार दिवस त्यांच्याशी बोलायचा नाही.

मोहाची फुलं गळायच्या दिवसांत एका पहाटे अस्वल आलं. सगळं कोर्ट तुडवत आडवं गेलं. गाव काठ्या घेऊन धावलं. दौलत तेवढा वाकून पावलं बघत होता. शेवटी म्हणाला, "सर्व्हिसच्या रेघेवर पाय देल्ला लेकाच्यानं. फूट-फॉल्ट." मग झाडू घेऊन कामाला लागला. अस्वल त्यानंतर रेघेच्या बाहेरून जाऊ लागलं, असं मी पाहुण्यांना सांगतो.

दौलतचा खेळ हा खेळ नव्हता, वाढप होतं. लग्नात पंगतीत वाढावं तसा तो चेंडू वाढायचा. प्रत्येक फटक्याबरोबर तोंडाने 'घ्या साहेब'. साहेबाने फक्त रॅकेट धरून उभं राहायचं, चेंडू साहेबाचा पत्ता विचारत यायचा. हातभर इकडे पडला तर लगेच 'सॉरी साहेब'. एका साहेबाने डाव्या हातात चहाची कपबशी धरून आख्खा सेट खेळला आणि बशीत थेंब सांडला नाही. दुसरे एक अंगाने भारी होते, ते गुडघे दुखतात म्हणून खुर्चीत बसून खेळले आणि सहा-लोभने जिंकले. बदली झाल्यावर निरोप समारंभात हेच साहेब म्हणाले, "तीन वर्षांत दौलतला मी एकदाही जिंकू दिलं नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात दौलतने.

साहेब जिंकला की मार्करची नोकरी पक्की, हे त्याला बापाने शिकवलं होतं. क्लबात मार्करचे गुण कुणी मोजतच नसे. मोजणारा तोच, आणि तो स्वतःला देणार कसे?

क्लबाच्या खोलीत एक टीव्ही होता. त्या काळात ऑलिम्पिकात आपल्या एका गड्याने टेनिसचं कांस्यपदक आणलं तेव्हा दौलतने त्या टीव्हीला हार घातला. पुढे दोन-तीन वर्षांनी आपली एक जोडी परदेशातल्या मोठमोठ्या स्पर्धा जिंकू लागली. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एक विचार घुमू लागला आणि तो रोज थोडा थोडा माझ्या खुर्चीखाली उभा राहून सांगायचा.

त्याचं म्हणणं असं, की हा खेळ आपल्याकडे साहेबाच्या सामानातून आला. आपल्या माणसाने आधी चेंडू उचलले. मग साहेबाला जोडीदार नसेल तर समोर उभं राहून चेंडू दिले. उचलता उचलता आणि देता देता आपण खेळ शिकलो. मोठ्या शहरांत मार्करांची, माळ्यांची पोरं पुढे खेळाडू झाली म्हणतात, पण हात तोच. टीव्हीवर बोलणारे आपल्या खेळाडूचा हात किती नाजूक म्हणून वाखाणायचे, तेव्हा दौलत तोंड वाकडं करायचा.

"नाजूक म्हन्ते. नाजूक नाई जी, लाजरा हाय. मार्करचा हात हाय तो."

मी म्हणालो, अरे पण जोडीने जग जिंकलं ना? त्यावर त्याने जे सांगितलं ते मी आजवर कुठल्या तज्ज्ञाकडून ऐकलेलं नाही.

"जोडीत बाजूले आपला मानूस असते. त्याच्यासाठी मारता येते, बाबूजी. सोतासाठी माराले लाज वाट्ते."

मी हसलो होतो, हे कबूल करतो. चंद्रपूरचा सामना मी तेव्हा अजून पाहिला नव्हता.

दौलतला एकच मुलगी, सुजाता. ती रांगायला शिकली ती बेसलाइन धरून, असं मी म्हणतो. आधी लाकडी रॅकेट, तिच्या तुटलेल्या तारांच्या जागी बापाने मासे धरायच्या गरीचा नायलॉनी तंगूस विणून दिलेला. त्या रॅकेटने चेंडू मारला की मासा पाण्यात पडल्यासारखा आवाज यायचा. पुढे एका साहेबाने जाताना आपली जुनी ग्रॅफाइटची रॅकेट दिली आणि पोरीचा फटका बंदुकीसारखा वाजायला लागला. टीव्हीवर तेव्हा हैदराबादची एक मुलगी दिसू लागली होती. ती कुणालाही चेंडू देत नसे, नुसता मारायची. सुजाता तिचा सामना उभ्यानेच पाहायची. दौलत पोरीकडे पाहायचा.

सोळाव्या वर्षी तिचं नाव चंद्रपूरच्या स्पर्धेत घातलं. एसटीने आम्ही तिघं गेलो. सिमेंटचं कोर्ट बघून दौलतने वाकून हात लावला आणि म्हणाला, "हे कोर्ट नाई, नाल्यावरचा रपटा हाय." पण पोरीला फरक पडला नाही. दोन दिवसांत तिने तीन सामने असे मारले की प्रतिस्पर्धी मुली चेंडूपेक्षा तिच्याकडेच बघत होत्या. अंतिम सामना एका मोठ्या अधिकाऱ्याच्या मुलीशी. शेवटच्या सेटमध्ये सुजाता पाच-दोनने पुढे. एकच गेम हवा.

तिथे त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. नाक पुसत ती उभी राहिली. आणि माझ्या डोळ्यांदेखत सुजाताचा हात बदलला. चेंडू कोपऱ्यात जायचा तो त्या मुलीच्या रॅकेटवर जायला लागला. हातभर दूर गेला तर सुजाताच मान खाली घालायची. मी बाकावर अगदी जवळ होतो. प्रत्येक फटक्याला तिचे ओठ हलत होते. मी नीट पाहिलं. ती म्हणत होती: घ्या.

पाच-सातने हरली. ती मुलगी येऊन तिच्या गळ्यात पडली. सुजाता हसली. बाप समोर उभा होता, त्याला दुरून ओठ दिसले नव्हते, मी सांगितलं.

परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली. आरमोरी आली. दौलत हळूच म्हणाला, "मारनं ते तिचं तिनंच शिकलं. देनं म्या शिकवलं. लहानपनापासून माह्यासमोरच खेळली ना ते."

महिन्याभराने नागपूरला विभागीय सामने होते. तिथे चांगलं खेळली तर क्रीडा वसतिगृहात जागा, शिकवायला कोच, समोर खरे खेळाडू. नाही तर ही आमचीच, कोर्ट सारवायला आईच्या शेजारी. दौलतने ठरवलं, की या महिन्यात आपण तिच्याशी खरं खेळायचं. गुण मोजून. तिला पळवायचं, कोपऱ्यात मारायचं, हरवायचं. मोजायला मी.

आणि त्याच्याने होईना.

सकाळ-संध्याकाळ मी खुर्चीवर बसलोय, दौलत दात-ओठ खाऊन रॅकेट मागे नेतोय, आणि चेंडू अलगद जाऊन पोरीच्या हातात पडतोय. त्याने कोपऱ्यात टोपली ठेवून पाहिली. रॅकेट डाव्या हातात धरून पाहिली. एकदा तर डोळे मिटून मारला. मिटल्या डोळ्यांनी मारलेला चेंडू थेट सुजाताच्या रॅकेटच्या मधोमध बसला. मी मोजून सांगतो, तिला मनगटसुद्धा हलवावं लागलं नाही. शेवंताबाई कुंपणापाशी उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. "याईले रागच येत नाई जी भाऊ," ती मला म्हणाली. "वीस वर्स झाली, म्या मागून पाह्यला. देल्ला नाई."

पंधरा दिवस गेले. एका दुपारी तो फक्की चाळत बसला होता. मी सहज विचारलं, दौलतभाऊ, जन्मात कधी तरी एक फटका मारलाच असेल ना?

तो चाळणी हलवत राहिला. मग म्हणाला, मारला होता. नुकतं लग्न झालं होतं, हाताला जोर होता. एका साहेबासमोर बापाच्या जागी खेळत होता. चेंडू छान उसळला आणि हात आपोआप गेला. पार कोपऱ्यात. साहेब जागचा हलला नाही. रेघेवरची फक्की उडाली.

"बाप कडेले उभा होता. धावत आला. चेंडू पडल्याचा वन उमटला होता कोर्टावर, तो त्यानं पायानं पुसला अन म्हने, आऊट साहेब. सॉरी साहेब." चाळणी थांबली. "आत होता, बाबूजी. फक्की उडाली होती."

एवढंच. पुन्हा चाळू लागला. वीसेक वर्षं हा माणूस रोज पहाटे त्याच कोपऱ्यात फक्कीची रेघ मारत होता, आणि मी वरून पाहत होतो, आणि मला वाटत होतं की हा रेघ मारतोय.

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे गावाला ठाऊक आहे. त्याच संध्याकाळी मी ही सुजाताला सांगितली. पण शपथेवर सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट मी न वाढवता सांगितली. तिच्यात वाढवायला जागाच नव्हती.

नागपूरला जायच्या आदल्या सकाळी शेवटचा सराव. दव होतं, बैल अजून दावणीला होते. सर्व्हिस दौलतची. त्याने नेहमीसारखी वाढली. सुजाताने ती परत केली, तीही तशीच मऊ, बरोबर बापाच्या रॅकेटवर, आणि सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं: "घ्या बाबा."

आजवर मी ते ओठांवर पाहिलं होतं. दौलतने ते कानांनी पहिल्यांदा ऐकलं. आपलाच शब्द, आपल्याच पोरीच्या तोंडून.

त्याचा चेहरा मला वरून दिसला नाही. खांदा दिसला. खांदा वळला, आणि असा आवाज झाला की डेपोत कुणीतरी ओंडका टाकला असं मला वाटलं. चेंडू सुजाताच्या बाजूने गेला तो तिला कळलाच नाही. पार कोपऱ्यात पांढरा धुरळा उडाला.

मग दौलत म्हणाला, "सॉरी..." आणि रॅकेट टाकून नेटला वळसा घालून पलीकडे चालत गेला, कोपऱ्याकडे. तो काय करायला निघालाय हे मला उशिरा कळलं. सुजाताला आधी कळलं. ती धावत जाऊन चेंडूच्या वणाला दोन पायांमध्ये घेऊन उभी राहिली.

"पुसू नोको बाबा. आत हाय."

त्याने उचललेला पाय तसाच हवेत होता. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. पंच मीच होतो ना. दहा वर्षं त्या खुर्चीवर मुंग्या चुकवत बसलो होतो. त्या सकाळी पहिल्यांदा तिच्यावर बसल्यासारखा बसलो. माझा आवाजही काही तो नाही, बैलांनी मान वर केली नाही. पण मी म्हणालो:

"पंधरा-लोभ."

"कोनाचे पंधरा?" दौलतने विचारलं.

"तुमचे, भाऊ."

त्याने पाय खाली घेतला, वणाच्या अलीकडे. कुंपणापाशी शेवंताबाई सारवणाचे हात तसेच वर धरून उभी होती.

पुढचा एकही गुण त्याला मिळाला नाही. सुजाता चिडली होती. इतक्या वर्षांत मी तिला चिडलेलं पाहिलं नव्हतं. बापाला तिने असं पळवलं की त्याची टोपी एका कोपऱ्यात आणि तो दुसऱ्या, आणि धापा टाकत तो सारखा म्हणत होता, "मार! देऊ नोको, मार!" सहा-लोभ. नेटला हात टेकून तो हसला. "साहेबाईपाशी हारलो ते हातानं हारलो, बाबूजी," म्हणाला. "आज पयल्यांदा पायानं हारलो."

सुजाता नागपूरची स्पर्धा जिंकली, असं तुम्हाला सांगायला मला फार आवडलं असतं. उपांत्य सामन्यात हरली. पण तिने कुणाला काही दिलं नाही, आणि पाहणाऱ्यांनी ते पाहिलं. वसतिगृहात जागा मिळाली.

अस्वलाचं मी वाढवून सांगितलं असेल. तांदळाची गोष्ट तर चक्क दुसऱ्या गावची आहे. कपबशीत, खरं तर, चहा नव्हताच. फक्कीचं मात्र जसंच्या तसं आहे.

पावसाळ्यात कोर्ट वाहून जातं आणि दिवाळीआधी नव्याने घालावं लागतं, तेव्हा तो वण काही राहिला नाही. पण दौलत अजून तो कोपरा झाडताना झाडू उचलून पुढे टाकतो, वाटेत कुणी झोपलेलं असावं तसा.

सुजाताचं पत्र येतं तेव्हा वाचायला तो माझ्याकडेच आणतो. त्याला वाचता येतं, उगाच आणतो. खाण्याचं, अभ्यासाचं, सामन्यांचं मी वाचून दाखवतो, तो हूं हूं करतो. शेवटची ओळ आली की विचारतो:

"किती म्हन्ते?"

"लोभ असावा, म्हणते."

तो डेपोकडच्या त्या कोपऱ्याकडे पाहतो. मनात काही जुळवतो.

"म्हंजे पंधरा-लोभ," तो हळू म्हणतो, आणि नेट सोडवायला उठतो.